जुन्या आलिशान एसयूव्हीच्या जागी कोणती गाडी? बदललेल्या करानंतरचा घरगुती हिशेब

गेल्या वर्षी २२ सप्टेंबरला, घटस्थापनेच्या दिवशी, मोटारींवरचे जीएसटीचे नवे दर लागू झाले. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या वेळी एक विषय हमखास निघतो. आपल्यापैकी काहींनी सहा-सात वर्षांपूर्वी वापरलेली ऑडी किंवा बीएमडब्ल्यू घेतली. कोणाच्या मुलाने पुण्याहून मर्सिडीज आणून दिली. त्या गाड्या आता दहा-बारा वर्षांच्या झाल्या आहेत. गॅरेजची बिले वाढली आहेत आणि घरात प्रश्न उभा आहे की ही काढून घ्यायचे काय? पुन्हा वापरलेली आलिशान गाडी, की नवी साधी?

बजेट बहुतेकांचे सारखेच असते. जुनी गाडी विकून सहा-सात लाख येतील, वर दहा-अकरा लाख घालू. म्हणजे अठरा लाखांच्या आसपास. नोकरीतल्या मुलासाठी ही रक्कम हप्त्यांची असते. निवृत्त माणसासाठी ती मुदत ठेवीतून निघते आणि परत भरून येत नाही. म्हणून हा विषय जितका हौसेचा, तितकाच घराच्या शिलकीचा आहे.

मी यंत्रांचा जाणकार नाही. बँकेत कर्जाचे अर्ज तपासण्यात नोकरी गेली, त्यामुळे गाडीकडे बघतानाही आधी खर्चाचा रकाना दिसतो. इंदूरच्या आपल्या सभासदांना डोळ्यासमोर ठेवून तोच रकाना इथे मांडतो. ग्वाल्हेर, बडोदा किंवा बेळगावच्या वाचकांनी आपापल्या राज्याचा कर त्यात घालून बघावा.

जीएसटीने नेमके काय बदलले

आधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के उपकर मिळून ५० टक्के भार होता. चार मीटरपेक्षा लांब पण १५०० सीसीच्या आतल्या गाड्यांवर तो ४५ टक्के होता. आता उपकर गेला आणि या सगळ्यांवर सरसकट ४० टक्के जीएसटी आहे. चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्या, पेट्रोलच्या १२०० सीसीपर्यंत आणि डिझेलच्या १५०० सीसीपर्यंत, १८ टक्क्यांत आल्या. विजेच्या गाड्यांचा ५ टक्के दर तसाच राहिला.

आकड्यात सांगायचे तर ५० टक्के कर धरून शोरूमला २० लाखांना मिळणारी एसयूव्ही करकपातीने साधारण १८ लाख ६७ हजारांवर येते. १ लाख ३३ हजारांचा फरक पडतो. दहा लाखांची छोटी पेट्रोल गाडी साधारण ८५ हजारांनी स्वस्त होते.

याची दुसरी बाजू लोक विसरतात. नवी गाडी स्वस्त झाली की तुमच्या जुन्या गाडीलाही गिऱ्हाईक कमी भाव देते. नव्या गाडीवर लाखभर वाचल्याचा आनंद जुनी विकताना थोडा ओसरतो. तेव्हा दोन्ही भाव एकाच दिवशी विचारावेत. सहा महिन्यांपूर्वी कोणीतरी सांगितलेली किंमत धरून बसू नये.

वापरलेल्या गाड्यांवरच्या जीएसटीबद्दलही गैरसमज आहे. डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेत सर्व जुन्या गाड्यांसाठी १८ टक्के दर ठरला, तेव्हा अनेकांना वाटले की जुनी गाडी विकताना आपल्यालाच कर भरावा लागणार. तसे नाही. हा कर जीएसटीत नोंदणी असलेल्या विक्रेत्याच्या नफ्यावर लागतो. व्यापाऱ्याने १० लाखांना घेतलेली गाडी साडेअकरा लाखांना विकली तर दीड लाखावर १८ टक्के, म्हणजे २७ हजार. घरगुती माणसाने घरगुती माणसाला विकली तर हा कर नाही. मोठ्या एसयूव्हीवर हा दर आधीही १८ टक्केच होता, वाढला तो छोट्या आणि विजेच्या गाड्यांवर.

किंमत उतरते, सुटे भाग उतरत नाहीत

आता मूळ मुद्दा. साठ लाखांची गाडी पाच-सहा वर्षांनी अठरा लाखांना मिळते, तेव्हा घेणाऱ्याला वाटते की आपण अठरा लाखांची गाडी घेतली. बाजारात ती अठरा लाखांची असेलही. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर ती साठ लाखांचीच असते. तिचा हेडलाइट, तिचे टायर, गिअरबॉक्सचे तेल, सस्पेन्शनचे भाग, सेन्सर, हे सगळे साठ लाखांच्या गाडीच्या दराने येतात. गाडीचा घसारा होतो, सुट्या भागांच्या दरपत्रकाचा होत नाही.

पहिल्या मालकाने गाडी चालवली ती वॉरंटीत. चौथ्या-पाचव्या वर्षी वॉरंटी संपत आली तेव्हा ती विकली. महागडे भाग थकायला लागतात ते सहाव्या ते दहाव्या वर्षात, आणि नेमकी ती वर्षे दुसऱ्या मालकाच्या वाट्याला येतात. हत्ती स्वस्तात मिळाला तरी चारा त्याला हत्तीचाच लागतो.

आपल्याकडे हिंदीत म्हणतात, सस्ता रोए बार-बार, महँगा रोए एक बार. वापरलेली आलिशान गाडी या म्हणीत बसत नाही. ती घेताना स्वस्त म्हणून हसवते आणि नंतर महाग म्हणून बार-बार रडवते.

अंतराचाही विचार करावा. इंदूरमध्ये मोठ्या जर्मन कंपन्यांची दालने आहेत. पण आपली गाडी धावते ती लग्नकार्याला पुण्याकडे, सेंधव्याचा बिजासन घाट उतरून धुळ्यावरून, नाहीतर खंडवा-बुऱ्हाणपूरकडे. तिथे रस्त्यात इलेक्ट्रॉनिक बिघाड झाला तर तालुक्याचा मेकॅनिक बॉनेट उघडून फक्त कौतुक करू शकतो. गाडी ट्रकवर चढवून परत आणावी लागते.

विम्याचा बारीक मजकूर

विम्यात गाडीची जी किंमत धरली जाते तिला आयडीव्ही म्हणतात. पहिल्या पाच वर्षांत ती ठरलेल्या टक्क्यांनी कमी होत जाते, पाचव्या वर्षी निम्म्यावर येते. त्यानंतर ती कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते.

खरी मेख दाव्याच्या वेळी कळते. साध्या सर्वंकष पॉलिसीत रबर, प्लास्टिक, टायर आणि बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. फायबर ग्लासच्या भागांवर ३० टक्के. काचेवर कपात नाही. धातूच्या भागांवरची कपात गाडीच्या वयाप्रमाणे वाढते आणि दहा वर्षांनंतर तीही ५० टक्के होते. आजच्या आलिशान गाडीचा बंपर प्लास्टिकचा, हेडलाइटचा बराचसा भाग प्लास्टिकचा. विजयनगरच्या चौकात कोणी मागून ठोकले तर निम्मे बिल आपल्या खिशातून जाते, आणि ते निम्मेही छोट्या गाडीच्या पूर्ण बिलापेक्षा जास्त असू शकते.

ही कपात टाळणारे झिरो डेप्रिसिएशनचे जोडकलम नव्या गाडीला सहज मिळते. पाच-सात वर्षांच्या पुढे ते मिळणे कठीण होत जाते. म्हणून वापरलेली गाडी पसंत करण्याआधी तिचा नंबर विमा कंपनीला देऊन पुढच्या वर्षाचा हप्ता आणि हे कलम मिळते का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. पावसाळ्यात पाणी शिरून इंजिन बिघडले तर त्यासाठीही वेगळे जोडकलम लागते. तेही विचारून घ्यावे.

चार पर्याय, एक कागद

आता हिशेब. पुढचे आकडे मी समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. प्रत्येकाने आपले घालून बघावेत. वर्षाला ८,००० किलोमीटर, पेट्रोल १०५ रुपये लिटर, ठेवीचे व्याज ७ टक्के आणि मुदत पाच वर्षे. गाडीत अडकलेल्या पैशाचे व्याज हाही खर्चच आहे. बँकेत असताना ही गोष्ट ग्राहकांना पटवायला मला सर्वांत जास्त वेळ लागत असे.

पहिला पर्याय, आहे तीच गाडी ठेवणे. आजची किंमत ७ लाख, पाच वर्षांनी ३ लाख. वर्षाचा घसारा ८० हजार, विमा ४० हजार, देखभाल-दुरुस्ती २ लाख, इंधन ८४ हजार, बुडालेले व्याज ४९ हजार. एकूण ४ लाख ५३ हजार.

दुसरा, १८ लाखांना पाच वर्षांची दुसरी आलिशान एसयूव्ही. पाच वर्षांनी ६ लाख येतील असे धरू. घसारा २ लाख ४० हजार, विमा ६० हजार, देखभाल-दुरुस्ती दीड लाख, इंधन ८४ हजार, व्याज १ लाख २६ हजार. एकूण ६ लाख ६० हजार.

तिसरा, रस्त्यावर येईपर्यंत १८ लाखांना पडणारी नवी मध्यम एसयूव्ही. पाच वर्षांनी ९ लाख. घसारा १ लाख ८० हजार, विमा ४५ हजार, देखभाल २० हजार, इंधन ६७ हजार, व्याज १ लाख २६ हजार. एकूण ४ लाख ३८ हजार.

चौथा, तीच मध्यम एसयूव्ही तीन वर्षे वापरलेली, १३ लाखांना. पाच वर्षांनी साडेसहा लाख. घसारा १ लाख ३० हजार, विमा ३५ हजार, देखभाल ३५ हजार, इंधन ६७ हजार, व्याज ९१ हजार. एकूण ३ लाख ५८ हजार.

किलोमीटरला भागले तर पहिल्याला ५७ रुपये, दुसऱ्याला साडेब्याऐंशी, तिसऱ्याला ५५ आणि चौथ्याला ४५. दुसऱ्या आणि तिसऱ्या पर्यायाची खरेदी किंमत एकच आहे, १८ लाख. तरी पाच वर्षांत ११ लाखांहून अधिक फरक पडतो. दुसऱ्या आणि चौथ्यातला फरक १५ लाखांचा आहे. एवढ्या पैशात पाच वर्षांनी आणखी एक गाडी येते.

या कागदातून आणखी एक उपयोगी आकडा निघतो. आहे ती गाडी ठेवायची की काढायची? दुरुस्ती सोडून तिचा वर्षाचा खर्च २ लाख ५३ हजार आहे. म्हणजे दुरुस्तीचे बिल वर्षाला १ लाख ८५ हजारांच्या आत असेल तर नवी घेण्यापेक्षा जुनी ठेवणे स्वस्त. ते १ लाख ५ हजारांच्या आत असेल तर वापरलेल्या मध्यम गाडीपेक्षाही स्वस्त. गेल्या तीन वर्षांची बिले फाइलमधून काढा, बेरीज करा, तीनने भागा. नवी गाडी घ्यावी की नाही याचे निम्मे उत्तर त्या भागाकारात आहे. फक्त एकच मोठे बिल नुकतेच भरून झाले असेल, समजा गिअरबॉक्सचे, तर ते पुढच्या वर्षी पुन्हा येईलच असे धरू नका. आणि एवढा खर्च केला म्हणून आता ठेवलीच पाहिजे, असेही नाही. गेलेला पैसा गेला. निर्णय पुढच्या बिलांवर घ्यावा.

दिल्लीची स्वस्त डिझेल गाडी

इंदूर आणि ग्वाल्हेरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात डी-एल नंबरच्या आलिशान डिझेल एसयूव्ही का दिसतात, हे समजून घ्यायला हवे. दिल्ली आणि राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. १ जुलै २०२५ पासून दिल्लीत अशा गाड्यांना पेट्रोल पंपावर इंधन नाकारण्याचा प्रयोग सुरू झाला आणि काही दिवसांतच थांबवावा लागला. १२ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने केवळ वयाच्या कारणाने सक्तीची कारवाई करू नये असा आदेश दिला. डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ आणि त्यापुढच्या गाड्यांपुरते मर्यादित केले.

अशा अनिश्चिततेत तिथले मालक गाडी बाहेर काढतात आणि ती आपल्याकडे निम्म्या भावात दिसते. मध्य प्रदेशात दहा वर्षांची अशी बंदी नाही, हे खरे. पण त्या गाडीची किंमत एवढ्यावर थांबत नाही. तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे. इथे पुन्हा नोंदणी करून आपल्या राज्याचा कर भरावा लागतो. परराज्याच्या नंबरवर बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवता येत नाही. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणाला ५,००० रुपये लागतात. ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार वीस वर्षांवरच्या मोटारीला १०,००० आणि परदेशातून तयार आयात केलेल्या गाडीला ८०,००० रुपये. धोरणाची दिशा यातून दिसते. जुनी गाडी बाळगणे सरकार हळूहळू महाग करत आहे. आज दहा वर्षांची गाडी घेणाऱ्याने ती पुढे कोण घेईल, हे आधी विचारावे.

आयात शुल्काकडेही लक्ष ठेवायला हवे. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी व्यापार करार झाला आणि या जानेवारीत युरोपीय संघाशी वाटघाटी पूर्ण झाल्या. दोन्हींत मोटारींवरचे शुल्क ठरावीक संख्येपुरते टप्प्याटप्प्याने उतरवण्याची तरतूद आहे. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याचशा ऑडी छत्रपती संभाजीनगरला आणि मर्सिडीज चाकणला जोडल्या जातात, त्यामुळे सगळ्याच गाड्या एकदम स्वस्त होणार नाहीत. तरी वरच्या गाड्या उतरल्या तर खालच्यांवर दबाव येतो. वापरलेल्या आलिशान गाडीत १८ लाख घालणाऱ्याने पाच वर्षांनंतरच्या विक्रीचा अंदाज जरा कमीच धरावा.

पेट्रोल की डिझेल

वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर आणि तेही राजवाडा ते राजेंद्रनगर अशा फेऱ्यांत होत असतील, तर डिझेलचा मोह सोडावा. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो. तो जाळून साफ व्हायला गाडी बराच वेळ सलग वेगात धावावी लागते. गावातल्या छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो. बऱ्याच मोठ्या गाड्यांत शिवाय युरियाचे द्रावण भरावे लागते. महिन्यातून दोनदा पुण्याला किंवा भोपाळला जाणाऱ्याला डिझेल चालेल.

पेट्रोलमध्ये प्रश्न इथेनॉलचा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या गाड्या त्यासाठी तयार आहेत. त्याआधीच्या गाड्यांत मायलेज काही टक्क्यांनी कमी होऊ शकते, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केले आहे. जुन्या गाडीतले रबरी भाग लवकर बदलावे लागू शकतात. म्हणून वापरलेली पेट्रोल गाडी घेताना एप्रिल २०२३ ही तारीख लक्षात ठेवावी. चौथ्या पर्यायातली तीन वर्षांची गाडी नेमकी या रेषेवर येते.

विजेची गाडी शहरापुरती उत्तम आहे, पण स्वतःच्या जागेत चार्जर बसवता येत असेल तरच. फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीला विचारावे आणि मग शोरूमला.

मग घ्यावे काय

आलिशान गाडीची सवय लागलेल्या माणसाला नेमके काय सोडवत नाही, याची घरात यादी करावी. बहुतेकांच्या यादीत चार गोष्टी येतात. आतली शांतता, खड्ड्यात न हादरणे, ऑटोमॅटिक गिअर आणि सुरक्षितता. पाचवी गोष्ट बॉनेटवरचे चिन्ह. पहिल्या चार गोष्टी आज कमी पैशात मिळतात.

काही गाड्यांचा सांगाडाच वरच्या गाड्यांच्या घराण्यातला आहे. स्कोडा कोडियाक आणि २०२२ मध्ये आपल्याकडे आलेली दुसऱ्या पिढीची ऑडी क्यू३ एकाच मूळ रचनेवर उभ्या आहेत आणि छत्रपती संभाजीनगरच्या एकाच कारखान्यातून निघतात. टाटा हॅरियर आणि सफारीचा सांगाडा लँड रोव्हरच्या रचनेवरून घेतलेला आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भारत एनकॅपच्या चाचणीत पहिले पाच तारे याच दोन गाड्यांना मिळाले. महिंद्रा एक्सयूव्ही७०० ला आणि स्कोडा कुशाकला ग्लोबल एनकॅपचे पाच तारे आहेत. घरात गुडघे दुखणारी मंडळी असतील तर इनोव्हा क्रिस्टा किंवा हायक्रॉस बघावी. चढ-उतार सोपा आणि विकताना भाव चांगला.

यातल्या कोडियाकची देखभाल बाकीच्यांपेक्षा महाग पडते, हे धरून चालावे. हॅरियर किंवा एक्सयूव्ही७०० वापरलेली घेताना इलेक्ट्रॉनिक गोष्टी एकेक करून चालवून बघाव्यात. शोरूमच्या दारातल्या फेरीवर पसंती ठरवू नये. आजी-आजोबांना मागच्या सीटवर बसवून बायपासला आणि मग गल्लीतल्या गतिरोधकांवरून अर्धा तास फिरवून आणावे. मत त्यांचे घ्यावे.

दुसरा पर्याय, म्हणजे पुन्हा वापरलेली आलिशान गाडी, कोणालाच योग्य नाही असे मी म्हणत नाही. कंपनीच्या स्वतःच्या जुन्या गाड्यांच्या दालनातून, वाढीव वॉरंटीसह, पूर्ण सर्व्हिस नोंदीची गाडी मिळत असेल आणि तीन लाख रुपये दुरुस्तीसाठी वेगळे काढून ठेवता येत असतील, तर जरूर घ्यावी. ते तीन लाख वेगळे नसतील, तर ती गाडी आपल्या बजेटात नाही, मग किंमत काहीही असो.

कर्ज घेत असाल तर

फेब्रुवारी ते डिसेंबर २०२५ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आणला. नव्या गाडीच्या कर्जाला त्याचा फायदा दिसतो. वापरलेल्या गाडीचे कर्ज मात्र नेहमीच महाग असते, कारण तारण वेगाने घसरते. उदाहरणार्थ १० लाख, पाच वर्षे. ९ टक्क्यांनी हप्ता २०,७५८ रुपये. १२ टक्क्यांनी २२,२४४. पाच वर्षांत साधारण ८९ हजारांचा फरक.

हप्ता कमी दिसावा म्हणून मुदत वाढवण्याचा सल्ला दालनात मिळतो. तेच १० लाख ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले तर हप्ता १६,०८९ होतो, पण व्याज १ लाख ६ हजारांनी वाढते. सातव्या वर्षी आपण जुन्या गाडीचे हप्ते भरत असतो. माझा नियम साधा आहे. वॉरंटी संपण्याच्या सुमारास कर्जही संपले पाहिजे. दुरुस्ती आणि हप्ता एकाच महिन्यात येऊ नयेत.

व्यापाऱ्याकडून १० लाखांपेक्षा जास्त किमतीची गाडी घेतली की १ टक्का टीसीएस घेतला जातो. तो आपल्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्रात वजा करून मिळतो. अठरा हजार रुपये आहेत, विसरू नयेत.

जुनी विकताना

गाडी दिली, पैसे आले, म्हणजे व्यवहार संपला असे नाही. आरटीओच्या नोंदीत नाव बदलेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक तुम्हीच. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. आलिशान गाडी हातोहात फिरते. आज इंदूरच्या व्यापाऱ्याने घेतली, महिन्याने ती राजस्थानात असते. म्हणून अधिकृत नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यालाच द्यावी. एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांनुसार गाडी ताब्यात दिल्याची सूचना आरटीओच्या पोर्टलवर गेली की जबाबदारी त्याच्याकडे जाते. ओळखीच्या माणसाला देत असाल तर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून नाव बदलल्याचे पोर्टलवर स्वतः बघावे. जुन्या कर्जाचा बोजा नोंदीतून उतरवला आहे का तेही तपासावे. कर्ज फिटले तरी बोजा आपोआप उतरला असे समजू नये. फास्टॅग बंद करावा.

चिन्हाचा प्रश्न

शेवटी राहते ती यादीतली पाचवी गोष्ट. चार कड्या किंवा तारा असलेली गाडी दारातून गेली आणि तिथे टाटा-महिंद्रा उभी राहिली, तर लोक काय म्हणतील? हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही, पण खरेदीच्या निर्णयात त्याचे वजन मोठे असते. मुलांना वाटते, बाबांची गाडी उतरली. बाबांना वाटते, मुलांना तसे वाटेल. दोघेही बोलत नाहीत आणि न बोलण्यापायी घरातून दहा-पंधरा लाख जातात.

माझे म्हणणे एवढेच की या प्रश्नाचीही किंमत कागदावर लिहावी. वरच्या हिशेबात ती वर्षाला २ लाख २२ हजार निघते. ती देण्याची ऐपत आणि इच्छा असेल तर द्यावी, त्यात कमीपणा नाही. हौसेलाही मोल असते. पण ती हौस आहे हे ठाऊक असावे, बचत समजून घेऊ नये. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपण नातवंडांना सांगतो. गाडीच्या बाबतीत अंथरूण म्हणजे खरेदीची किंमत नव्हे. दरवर्षी तिला घालावा लागणारा पैसा म्हणजे अंथरूण.

पाडवा आणि अक्षय तृतीया हे खरेदीचे मुहूर्त आहेत आणि दालनांत गर्दी असेल. तिथे जाण्याआधी एका संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसून तीन वर्षांची बिले, विम्याचा कागद आणि पासबुक समोर ठेवावे. आकडेमोड अडली तर मंडळाच्या वाचनालयात बुधवारी संध्याकाळी मी असतो. बिलांची फाइल घेऊन यावे, एकत्र बसून बेरीज करू.